सुलभाबायने न पाठवलेली मेल

"मेल संस्थेच्या नावान इली. पासवर्ड एकट्या सुलभाकडे. आता आणि काय बघूचा असा?"

दत्तारामबाबांनी छापील कागद माझ्यासमोर आपटला. ते सुर्ल्यातल्या ट्रकमालकांच्या संस्थेचे अध्यक्ष. संस्थेत बारा वर्षं क्लार्क असलेली सुलभाबाय बाजूलाच उभी होती. पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

प्रकरण असं. खनिजाच्या वाहतुकीत कुठल्या दिवशी कुणाचे ट्रक लागणार याची पाळी असते. ती यादी सुलभाबाय रोज सकाळी सगळ्या मालकांना मेल करते. आदल्या दिवशी यादीपाठोपाठ दुसरी मेल आली, 'आजची वाहतूक रद्द.' बहुतेक ट्रक घरी राहिले, पाळी बुडाली. जे मोजके हजर झाले त्यात सुलभाबायच्या भावाचा ट्रक होता. खरं तर हा भाऊ जन्मात मेल उघडत नाही, नेहमीसारखा गाडी काढून गेला. पण ऐकतो कोण? बहिणीने भावासाठी केलं, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मी हळर्णचा. बावीस वर्षं कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो, म्हणून संस्थेने मला बोलावलं होतं. मी त्या मेलचे हेडर उघडले. हेडर म्हणजे मेल कुठून निघाली, कुठून फिरत आली याची नोंद. ही मेल संस्थेच्या सर्व्हरवरून निघालीच नव्हती. परदेशातल्या कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवरून आली होती.

"पण नाव तर आमचाच असा!"

"पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी मी तुमचं नाव लिहिलं, तर पोस्टमन अडवतो का?"

"मगे धाडल्यान कोणी?"

"ते मला सांगता येणार नाही. संस्थेच्या खात्यातून गेली नाही, एवढं नक्की."

"ती भायरसूनय धाडू शकता," दत्तारामबाब म्हणाले, आणि चौकशी संपेपर्यंत त्यांनी सुलभाबायला घरी बसवलं. नोकरी जाणार हे तिलाही कळलं होतं. मला भयंकर राग आला. पण रागाने सर्व्हर चालत नाहीत, म्हणून कामाला लागलो.

आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण द्यायला घरचा माणूस येतो. अनोळखी कुणी आला तर आपण विचारतो, तू त्यांचा कोण? मेलच्या बाबतीत हे विचारायची सोय आहे, पण ती लावावी लागते. आमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची जाहीर यादी, तिला एसपीएफ म्हणतात. प्रत्येक मेलवर न दिसणारी मोहोर, ती डीकेआयएम. आणि या दोन्हीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ती सूचना, डीमार्क. संस्थेकडे तिन्हींपैकी एकही नव्हतं. मी तिन्ही लावली.

"आजच अडव सगळा," अध्यक्ष म्हणाले.

"आज नको. काही दिवस कुणाला न अडवता नुसतं बघूया. आपल्या नावाने कुठून कुठून मेल निघते त्याचे रोज रिपोर्ट येतील."

मध्येच शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, आला. दत्तारामबाबांचं घर आमोण्यात. शिगम्याचा खेळ होतो त्या मांडावर त्यांच्या घराण्याचा मान, त्यामुळे ते पाच दिवस गाव सोडत नाहीत. सुलभाबाय घरी बसलेली. मग यादी तेच आपल्या घरून पाठवू लागले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "सापडली! रिपोर्टात असा बघ. रोज कोणतरी आमच्या नावान मेल धाडता, भलत्याच सर्व्हरवरसून. सगळी नापास. आता तरी मानतलंस?"

मी आमोण्याला गेलो. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर गुलाल होता. मेलच्या सेटिंग बघितल्या. कुणीतरी कधीकाळी करून ठेवलेल्या. मेल संस्थेच्या सर्व्हरऐवजी घरच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरून जात होती, मोहोरेशिवाय. रिपोर्टमधला पत्ता हाच.

"चोर सापडला, दत्तारामबाब. या खुर्चीवर बसतो."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. बाहेर ढोल चालू होते.

"म्हणजे मी चोर?"

"सुलभाबायला लावलात तो नियम लावला, तर हो."

माणूस हट्टी, पण खोटा नाही. तिथूनच तिला फोन लावला. "सुलभा, उद्या ऑफिसात ये गो. चूक माझी."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून तिचा आवाज आला, "संशय सगळ्यांच्या फुड्यात घेतलात. माफीय सगळ्यांका मेल करा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरसून."

मला इतका आनंद झाला की हसू दाबता येईना.

शिगमो संपल्यावर मी घरचा कॉम्प्युटर नीट केला आणि कडक सूचना लागू केली, नापास मेल घ्यायचीच नाही. अशी नवी यंत्रणा बसवणाऱ्यांना मी तेव्हापासून एकच सांगतो, अडवायच्या आधी बघा. अनोळखी वाटणाऱ्यांत आपलेच निघतात.

कडक सूचनेनंतर गेलेली पहिली मेल अध्यक्षांच्या माफीची होती. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पाहिला. सगळीकडे पास.