तिसऱ्या भागाला लावलेला कौल

ये, अशी इकडं सरकून बस. तू समोर न्हाईस हे दिसतंय मला, पण लिहिताना कुणीतरी जवळ लागतं. आणि आधी माझी बोलणी खा. दिवाळीला येते म्हणलीस, आली न्हाईस. संक्रांतीला येते म्हणलीस, तवाही न्हाई. मागच्या खेपेला ते जाडजूड पुस्तक घेऊन आल्तीस, जादूच्या पोरांचं. तिसरा भाग आहे, शेवट वाचून दाखवते, म्हणालीस, आणि तुझी मोठी आजी, म्हणजे माझी अक्का, ताटावरून उठून मागच्या अंगणात गेली. तू विचारलंस, "मोठ्या आजीला पुस्तकाचा राग का गं?" मी नुसतं "जेव गप" म्हणले. ती घरात असताना सांगण्यासारखं न्हाई ते. आज ती दळण आणायला गेली आहे, तवर लिहिते.

ते दुष्काळाचं साल. शहागडला गोदावरीच्या पात्रात नुसती वाळू उडायची, मंग आमच्यासारख्या गावांचं काय सांगावं. सरकारी रस्त्याचं काम निघालं आणि सगळा गाव खडी फोडायला बसला. मी चौदा-पंधराची. शाळा तिसरीतच सुटल्ती, पुढचं वाचन मी किराण्याच्या पुड्यांवर शिकले. अक्का माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. लग्न झालेली. नवरा तिला माहेरी सोडून गेल्ता, "कामाचं बघतो, घर करतो आन् न्यायला येतो," असं सांगून. त्याला पावसाळा उलटून गेल्ता. निरोप न्हाई, माणूस न्हाई. तिची पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवलेली असायची. माय झाडताना ती पेटी उचलायची आणि परत बराबर तिथंच ठेवायची.

गावातल्या मास्तरीणबाईंनी मला दोन पुस्तकं दिल्ती, त्यांची पोरं मोठी होऊन शहरात गेल्ती म्हणून. पोरांसाठीची जादूची गोष्ट, तीन भागांतली. मास्तरीणबाईंकडं दोनच भाग. एक राज्य, त्याची नदी एका जादूगारानं पाताळात कोंडून ठेवलेली. एक पोरगी बारवेच्या पायऱ्या उतरत उतरत पाण्याखालच्या देशात जाते, नदी सोडवून आणायला. तिची आई रोज बारवेच्या काठावर दिवा लावून उभी. पहिल्या भागात पोरगी उतरली. दुसऱ्याच्या शेवटी तिच्या मागं दार बंद झालं.

हे मी खडीवर वाचायचे. मी वाचायला बसले की माझा हातोडा बंद, मंग माझा ढीग कसा व्हायचा? तर बायका आपापल्या ढिगातलं एक-एक टोपलं माझ्या ढिगावर ओतायच्या. मोजणीला माझा ढीग कधी कमी भरला न्हाई. आणि गोष्टीला हुंकार द्यायला अक्का. गोष्ट ऐकताना एकीनं "हूं" म्हणायचंच असतं, न्हाई तर सांगणाराचा दम मोडतो. हातोडा पडला की तिचा हूं. ठक, हूं. ठक, हूं.

एक म्हातारी होती, ती मधीच तोंड घालायची. "का गं, ती पोरगी बारवेत उतरली खरी, पण घरातलं पाणी भरून उतरली का तशीच?"

"आत्या, पाणीच न्हाई म्हणून उतरली ना ती!"

"हां, मंग जाऊ दे. सासू न्हाई वाटतं तिला. सासू असती तर कळशी दिली असती संगं."

मुकादम जालन्याचा. आधी ओरडायचा, "ए बाई, ये रस्ता है का शाळा?" पण दुसरा भाग निम्मा होईतो तोच आमच्या पाठीशी छत्री घेऊन उभा राहायला लागला. दार बंद झालं त्या दिवशी म्हणाला, "ऐसा कैसा बंद झाला? आगे?" म्हणलं, आगे आमच्याकडं न्हाई. आठवड्यानं जालन्याहून आला तर पिशवीतून तिसरा भाग काढला. रद्दीच्या दुकानात घातलाच होता म्हणे कुणीतरी.

आता मूळ गोष्ट ऐक. आमच्या घरातले देव धर्मांतराच्या वक्ताला गोदावरीत गेल्ते, माझ्या जन्माच्या आधी. बा फार कडक. घरात नवस न्हाई, अंगारा न्हाई, कौल तर बिलकुल न्हाई. "डोकं दिलंय ना? ते वापरा," म्हणायचा. पण अक्कानं लहानपणी आजीला कौल लावताना पाहिल्तं. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. देव गेले तरी विचारायचं मन थोडंच गेल्तं? अक्काला विचारायचं होतं, आणि विचारायला घरात कुणी न्हाई.

तिनं तिसरा भाग माझ्या हातातून घेतला, पदरात बांधला आणि घरी येताना वाटेत मला म्हणाली, "बारके, ती पोरगी वर आली तर हे मला न्यायला येतील."

"अक्का, ते पुस्तक आहे. पोराटोरांचं."

"असू दे. मी लावला कौल."

"मंग आज रातच्याला शेवट बघून घेऊ."

"खबरदार! कळी पडायच्या आधी तिला हात लावत न्हाईत."

पुस्तक तिच्याच पदरात राहायचं. सकाळी खडीवर गाठ सोडून माझ्या हाती द्यायची, संध्याकाळी परत बांधून घ्यायची. शेवट मलाही ठाऊक न्हवता. चांगलं पान आलं की अक्काचा हूं मोठा व्हायचा, वाईट पान आलं की बारीक. घरी ती गाणं म्हणायला लागल्ती. पेटीतलं लुगडं काढून पुन्हा घडी घातली तिनं. मायला वाटलं, निरोप आला काय.

शेवटचं प्रकरण दुपारच्या सुट्टीआधी निघालं. पोरगी पाताळाच्या दारापाशी पोचली. दार उघडलं. नदी वर सोडायची तर कुणीतरी आत उभं राहून दार धरायला पायजे, न्हाई तर ते मिटतं. तिनं धरलं. नदी तिच्या अंगावरून वर गेली. बारव भरली, रान भरलं, आईच्या हातातला दिवा पाण्यानं विझला. पोरगी आतच राह्यली. पुढं कोरं पान.

आणि बायका, काय सांगू तुला, बायका नाचायला लागल्या! "आलं गं बाई, पाणी आलं!" म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. मुकादमानं छत्री मिटली, "पानी तो आया! बस, आणिक काय पायजे!" दुपारच्या खाण्याला सरकारी सुकडीची पातेली आल्ती, तिकडं कुणी बघंना. साल तसंच होतं. पाण्याच्या पुढं एका पोरीचं काय.

मी अक्काकडं बघितलं. हातोडा तिच्या मांडीवर. हूं न्हाई. मी पुस्तक पुढं केलं, पदरात बांधायला, तर तिनं ते घेतलं न्हाई.

घरी गेल्यावर तिनं पेटी दारातून उचलली आणि आत नेऊन उतरंडीमागं सारली. बाला कळलं तसा तो कावला. एवढं चिडलेलं मी त्याला कधी पाह्यलं न्हाई. "पुस्तक लिहिणारा कुठं बसलाय, त्याला तुझ्या नवऱ्याचं काय ठाऊक? उद्या चार माणसं घेऊन मीच जातो तिच्या सासरी. काय ते तोंडावर विचारतो." अक्का म्हणाली, "बा, कुणी जायचं न्हाई. मला उत्तर मिळालंय." तो जायला निघाला तर दारात आडवी बसली. दोन-तीनदा असंच. मंग त्यानंही नाद सोडला. देव घराबाहेर काढताना जो माणूस हटला न्हाई, तो पोरीच्या एका बोलण्यापुढं थकला.

म्हणून आजपर्यंत आम्हाला ठाऊक न्हाई. नवरा वाट चुकला, का मेला, का दुसरी केली, का दारापर्यंत येऊन माघारी गेला. विचारलंच न्हाई कुणी. पुढं आमच्याकडंही पाणी आलं. रस्ता झाला, त्याच्यावरून ट्रका जायला लागल्या. अक्का जेवते, झोपते, दळण आणते, पण त्या दुपारनंतर कुणाच्या गोष्टीला तिनं हुंकार दिला न्हाई. तुझ्या आईला मी अंगाईत राजाराणी सांगायचे, तर ही उठून जायची. मी एकटीच सांगायचे, एकटीच हूं म्हणायचे. तसं आयुष्य गेलं बघ दोघींचं. मला कधी कधी वाटतं, आत दार धरून उभी राह्यलेली ती अक्काच, आणि तिला बाहेर काढायला कुठल्याच भागात कुणी गेलं न्हाई.

आली बघ, दाराशी दळणाचा डबा वाजला. पुरं करते. तर पोरी, लवकर ये. पुस्तक आणू नको. आणि "येते" म्हणून आधी कळवू पण नको. तू संक्रांतीला येते म्हणलीस तवा तिनं तुझ्यासाठी तीळ निवडून ठेवले, आणि दिवसभर दाराकडं पाठ करून बसली. नुसती उठ आणि ये.