दिवाळीत पाहिलेली वसाहत

विट्याजवळच्या त्या वसाहतीचे कागद मी स्वतः तपासले होते. सातबारा निर्वेध, बिनशेती आदेश जागेवर, रेखांकन मंजूर, रस्त्यांची रुंदी नकाशाबरहुकूम. न्यायालयाच्या कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला असे दप्तर पाहून समाधान वाटते, तसे मलाही वाटले. तरीही त्या खरेदीला मी लेखी हरकत घेतली आणि ती आजही मागे घेतलेली नाही.

प्रश्न माझ्या दिवंगत मित्राच्या पत्नीचा होता. वहिनी कडेगावकडे, मळ्यातल्या घरात एकट्या राहत. गुडघे गेले होते. पायरी चढताना भिंत धरावी लागे. मुलाचे कोइंबतूरला गलाईचे दुकान आहे. सोने वितळवून शुद्ध करण्याचा हा धंदा आमच्या भागातल्या कितीतरी घरांना देशभर घेऊन गेला. वहिनींना तिकडची भाषा मानवली नाही, म्हणून त्यांच्यासाठी विट्यात घर घ्यायचे ठरले. ते त्यांचे शेवटचे घर असणार, हे कोणी बोलून दाखवत नव्हते, इतकेच.

मुलाने बंगला दिवाळीत पाहिला होता. त्या आठवड्यात प्रत्येक फाटकावर आकाशकंदील आणि गाडी लावायला जागा नाही. "काका, समदी आपलीच माणसं हायत," तो मला फोनवर म्हणाला. "शेजारी सेलमचा गलाईवाला, समोर तर आपल्या भावकीतला. आईला काय कमी पडणार न्हाई." बयाणा देण्यासाठी तो उन्हाळ्याच्या तोंडाशी आला, तेव्हा मी अट घातली: सहीपूर्वी वहिनींना तिथे एकदा न्यायचे आणि तेही साध्यासुध्या दिवशी.

मायलेक, मी आणि घर दाखवणारा एजंट, असे गेलो. वसाहत चकचकीत होती आणि तिथे माणूस नव्हता. मी डावीकडच्या बंगल्याची घंटा वाजवली, मग उजवीकडच्या, मग समोरच्या भावकीतल्याची. कुलुपांवर धूळ साचली होती. अखेर राखणदार आला.

"कोण पायजे?"

"कोणीही चालेल," मी म्हणालो.

"आता कुणी न्हाई गावायचं. जत्रंला या, न्हायतर दिवाळीत. तवा लय गर्दी असती."

एजंट हसला. "साहेब, कागद तुम्हीच पास केलेत. आता हरकत कुठल्या कलमाखाली?"

"कलम नाही. या बाई न्हाणीत पडल्या, तर त्यांची हाक कोणाला ऐकू जाईल, तेवढे लिहून द्या."

"दुसऱ्याच्या सौद्यात पडू नका. जड जाईल."

"ही धमकी असेल, तर तीही लेखीच द्या."

त्याने काही दिले नाही. मी मात्र त्याच संध्याकाळी त्याला आणि मुलाला, दोघांनाही पत्र लिहिले: मिळकत कायद्याने निर्दोष आहे आणि एकट्या वृद्धेने राहण्यास अयोग्य आहे.

दुसऱ्या दिवशी मी मायलेकांना बाजारामागच्या बोळात नेले. तळमजल्यावर दोन खोल्या, भिंतीला भिंत लावून एका मुसलमान शिंप्याचे घर. मुलगा बोळाच्या तोंडाशीच थांबला.

"हितं? हितं आपलं कोण हाय?"

"तुझे आपले सगळे तिकडे सोने वितळवत बसलेत."

"लोकं काय म्हणतील, काका? पोरानं आईला बोळात टाकली?"

"म्हणू दे. म्हणायला लोक असलेला हा पहिलाच पत्ता आपण पाहतो आहोत."

तो तावातावाने बोलू लागला, मीही आवाज खाली घेतला नाही. तेवढ्यात पाहिले, तर वहिनी आमच्याजवळ नव्हत्या. शिंप्याच्या बायकोने त्यांना हाताला धरून आपल्या उंबऱ्यावर बसवले होते.

"आवं मावशी, उन्हात कशाला हुब्या?"

"गुडघं दुखत्यात गं. पाणी कवा येतं हितं?"

"त्याचा काय नेम न्हाई. आलं की मी समद्यांस्नी हाका मारती."

वहिनींनी मुलाकडे पाहिले. "हितंच घे."

"आई, अगं त्यो बंगला..."

"त्यो तुला दिवाळीला पायजे न्हवं? मग तू घे. मला रोजचं घर पायजे."

खरेदीखत बोळातल्या घराचे झाले. मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. भावकीत माझ्याविषयी जे बोलले जाते, ते माझ्या कानावर येते. त्यातल्या एका शब्दाचाही खुलासा करण्याची मला गरज वाटत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी तक्रार केली, की मशीनची खडखड दुपारी डोळा लागू देत नाही. मी तिथेच अर्जाचा मसुदा काढायला बसलो.

"ठेवा त्यो कागद, भावजी," त्या म्हणाल्या. "माझं भांडण मी करती."

त्यांनी काठीने भिंतीवर दोनदा ठोकले. मशीन थांबली.

"आवं मावशी," पलीकडून आवाज आला, "एवढी बाही लावती नि थांबती!"