सोल्यूशनचा वास

पोटच्या पोराला काही न विचारता मी मारलं, ही माझी चूक. कापूरहोळला माझं पंक्चरचं दुकान आहे. आजही पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा उघडला की बारा वर्षांपूर्वीची ती दुपार नाकात शिरते.

सोळा वर्षांचा दत्ता दुकानामागं बसून सोल्यूशनचं फडकं हुंगत होता. डोळे लाल, हनुवटीवर लाळ. त्याच्या शर्टाला तो वास वर्षभर यायचा, पण माझ्याच धंद्याचा वास म्हणून मला कधी संशय आला नाही. मी जुन्या ट्यूबची पट्टी उचलली आणि पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर मारत सुटलो. त्याचा ओठ फाटला. मध्ये पडलेल्या बायकोच्याही हातावर वळ उठला.

"मारा आबा," तो हसत म्हणाला, "नशेत काय बी लागत न्हाई."

मला तो उद्धटपणा वाटला. मी आणखी जोरात मारलं. आता वाटतं, मनाला काही लागू नये म्हणूनच तो हुंगत होता.

पुढं उपचाराला त्याला आईनं नेलं. त्याची नशा सुटली, पण तो माझ्याशी बोलेना. गेल्या महिन्यात मी वेल्ह्याला त्याच्या खोलीवर गेलो आणि दारातच म्हणालो, "दत्ता, तुला काय हुतंय, म्या कधी इचारलंच न्हाई. नुसतं मारलं. चुकलं माझं, माफ कर."