सातवं तळं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तर विचारू नका, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीतच सुटली. पण मुलुंडला ज्यांच्याकडे मी स्वयंपाक करते, त्या काकांचं आज ऑपरेशन आहे. फोन येईपर्यंत हाताला काहीतरी हवं.

पाण्याला इतका घाबरणारा आणि पाण्याविषयी इतकं लिहिणारा दुसरा माणूस या पृथ्वीवर नसेल. तलाव आला की काका रस्ता ओलांडून पलीकडून चालतात. आणि लिहितात काय, तर जुन्या काळी कॅनडात झाडाच्या सालीच्या होड्या वल्हवत जनावरांची कातडी आणणाऱ्या माणसांची गोष्ट, मुलांसाठी. ते होडीवाले अंतर चिलमीत मोजायचे, म्हणजे एक चिलीम ओढायला थांबेपर्यंत जेवढं वल्हवलं तेवढं, म्हणून काकाही रिक्षावाल्याला सांगतात, "स्टेशन, दोन चिलमी." स्वतः सुपारीसुद्धा खात नाहीत. धबधबा लागला की होडीवाले होडी डोक्यावर घेऊन चढ चढायचे. ते खरं उतरावं म्हणून काका एकदा लोखंडी खाट डोक्यावर घेऊन जिना चढले आणि दुसऱ्या मजल्यावर अडकले. वॉचमन ओरडला, "ओ काका, लिफ्ट चालू आहे ना!" खाटेखालून आवाज आला, "कॅनडात नव्हती!"

मी पोळ्या लाटत असले की काका लिहिलेलं प्रत्येक पान मला वाचून दाखवायचे. "चौथीच्या मुलांना कळलं पाहिजे, ताई. आणि माझ्या ओळखीत चौथी शिकलेल्या तुम्हीच." मी लाजून कणकेकडे बघायची.

मुलीच्या फीसाठी मी सात हजार मागितले तेव्हा म्हणाले, "होडीवालेही निघताना उचल घ्यायचे. प्रवासात फेडायची." गोष्टीच्या नकाशात सात तळी होती. मी हजार दिले की होडी एक तळं पुढे. सुरू झालं गमतीत, पण पैसे आले नाहीत त्या महिन्यात काका खरंच एक ओळ लिहायचे नाहीत.

सहा तळी झाली आणि हृदयाचं ऑपरेशन ठरलं. माझ्याकडे दोनशे रुपये. माझ्यापायी होडी मध्येच राहिली आणि काका असेच गेले तर?

"काका, पुस्तक पुरं करा ना. पैसे कुठे पळतात?"

"उचल फिटल्याशिवाय होडीवाला घरी कसा पोचेल? मुलांना फसवू?"

"अहो, ऑपरेशन आहे तुमचं!"

"होडीवाल्यांनाही पोहता यायचं नाही, ताई," ते हळूच म्हणाले. "तरी बसायचेच होडीत."

मग मी बिल्डिंगभर विचारून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या. चार दिवस हात पुरणातच. काल संध्याकाळी सुट्ट्या नोटांचे हजार त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सातव्या तळ्यावर फुली मारली आणि तिथेच बसून शेवटचं पान लिहून होडी किनाऱ्याला लावली. वाचून दाखवलं. "कळलं?" मी मान हलवली. खरं तर रडण्यात निम्मं ऐकलंच नाही. परत आले की पुन्हा वाचायला सांगणार आहे.

हॉस्पिटलात जाताना नकाशा मला देऊन गेलेत. खाली लिहिलंय, "उचल पूर्ण फिटली." अक्षर माझ्यापेक्षाही वाईट आहे.