मला कामावरून काढा हो!

आता हसायचं असंल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. नंतर सांडला म्हणून मला बोल लावायचा नाही. लोक नोकरी टिकवायसाठी जिवाचं रान करतात. मी नोकरी घालवायसाठी केलं. अन् ती मेली जाईचना!

मी मूळचा जळकोटचा. गणिताचा मास्तर. तेव्हा आखातातल्या एका खासगी शाळेत शिकवायला होतो. इकडं लातूर नुकतंच उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झालं होतं. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या शाळा. सगळं नवं, फक्त नळाला पाणी नाही. दुष्काळ असा की कावळासुद्धा टँकरची वाट बघायचा. माझी बायको सुशीला दोन लेकरं घेऊन लातुरात भाड्याच्या घरात राहत होती.

तिला पत्र लिहायचा भारी कंटाळा. कॅसेट भरून पाठवायची. एकदा कॅसेट लावली तर नुसता गोंगाट! घागरींचा खणखणाट, बायांची भांडणं, अन् त्यात हिचा आवाज, "ओ मावशी, माझी घागर आधी हाय!" मग धापा टाकत जवळ आली अन् म्हणली, "अहो, ऐकलं का? टँकर आलाय. इथं नव्या शाळेत गणिताची जागा निघालीय. शाळेचे अध्यक्ष म्हणले, जूनपर्यंत थांबतो. या आता. धाकटी तुमच्या फोटोला बाबा म्हणती, अन् टँकरवाल्याला बी."

आता सांगा, टँकरवाल्याला बाबा म्हणल्यावर कोणता बाप तिकडं थांबंल?

निघायचं ठरवलं. माझ्या खोलीत नांदेडकडचा शेख राहायचा, मुदखेडचा. इंग्रजी शिकवायचा, अरबी बोलायचा अन् जगातल्या कोणत्याही गोष्टीवर सल्ला द्यायचा. राजीनामा देतो म्हणलं, तर ताडकन उठून बसला.

"पागल झालास का बिराजदार? राजीनामा दिलास की मेलास!"

"काहून?"

"अरे, आपल्याला इथं पेन्शन हाय का? न्हाई. परदेशी मास्तरला नोकरी संपली की एकरकमी पैसा भेटतो, तेवढाच. पण कायदा असा हाय, तू स्वतः मधीच सोडलास तर तिसरा हिस्सा. मालकानं काढलं तर पुरा!"

पुरा पैसा म्हणजे लातुरात दोन खोल्या, अन् अंगणात बोअर. सुशीलाला टँकरमागं पळायची गरज नाही.

"मग काय करू?"

शेखनं डोळे मिचकावले. "काढून घे ना भाई स्वतःला!"

शहाणा माणूस असता तर सरळ कचेरीत जाऊन विचारलं असतं. पण पैशाचं कोणत्या तोंडानं विचारावं? लाज वाटली. अन् कामावरून हाकलून घ्यायला मात्र लाज वाटली नाही, ही आमची अक्कल!

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. म्हणजे काम सोडायला लागलो.

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, त्यांना तिकडं मुदीर म्हणतात, मोठा शांत माणूस. मिसरचे, म्हणजे इजिप्तचे. आवाज कधी चढायचा नाही. मी पहिला तास निम्मा सरल्यावर डुलत डुलत फाटकातून आत गेलो. मुदीर साहेब समोरच उभे. मी मनात म्हणलो, झालं, आज निकाल! त्यांनी माझ्याकडं बघितलं, वर सूर्याकडं बघितलं अन् म्हणले, "ऊन फार आहे." बस. दुसऱ्या दिवशी दारात शाळेची गाडी उभी! बाकीचे मास्तर पायी, अन् मी गाडीत. शेख फुकटात माझ्या शेजारी बसून यायला लागला.

म्हणलं ठीक आहे. उशीर करता येत नाही ना? शिकवणंच बंद करू.

वर्गात गेलो, पुस्तक उघडलंच नाही. टेबलावर पाय वर घेऊन बसलो. पण नुसतं किती वेळ बसणार? जित्याची खोड. पोरं तोंडाकडं बघून राहिलेली. मग आमच्या गल्लीची गोष्ट सांगायला लागलो. टँकर येतो, घागरी मांडतात, पाणी कमी अन् बाया जास्त. कुणाला किती द्यायचं?

झालं! पोरं पेटली. एक म्हणला, सगळ्यांना सारखं. दुसरा म्हणला, ज्याच्या घरी माणसं जास्त त्याला जास्त. मग टँकरात पाणी किती मावतं हे काढायला एक जण फळ्याकडं पळाला. एक पोरगं होतं, वर्षभर तोंड उघडलं नव्हतं त्यानं. ते उठून म्हणलं, "म्हाताऱ्या बायकांना रांगेत उभंच करायचं नाही. त्यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. मग उरलेल्याचं गणित." अन् करूनही दाखवलं!

मी पाय वर घेऊनच बघून राहिलो. अन् नेमके तेव्हाच सरकारी तपासनीस दारात! मागं मुदीर साहेब. पाय खाली घ्यायलाही वेळ मिळाला नाही. म्हणलं, आता तर नक्की. तपासनिसानं फळा बघितला, पोरांना चार प्रश्न विचारले, अन् येऊन माझा हातच धरला. म्हणला, "शिक्षकानं बाजूला बसायचं अन् मुलांनी शिकायचं. असा वर्ग मी बघितला नव्हता!"

आता उरला एकच उपाय. शिव्या.

शिक्षकांची बैठक होती. सगळे शांत बसलेले. मी उठलो. इंग्रजीत राग येईना, म्हणून आमच्या जळकोटी मराठीत सुरू झालो. "ओ मुदीर! काय लावलंय हे? शाळा हाय का जनावराचा गोठा? तुमच्यासारखा मेंगळट माणूस मी जल्मात बघितला न्हाई!" टेबलावर हात आपटला. शाईची दौत पडली.

मुदीर साहेबांनी हळूच शेखला विचारलं, "काय म्हणतात?"

शेख घामाघूम. उठला, माझ्याकडं बघितलं, छताकडं बघितलं, अन् अरबीत बरंच लांबलचक काही बोलला. मुदीर साहेब मान हलवत राहिले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

बाहेर आल्यावर मी शेखची कॉलरच धरली. "काय सांगितलंस रे?"

"म्हणलं, बिराजदार म्हणतो, माझ्या मुलखात दुष्काळ हाय, म्हणून इथल्या पोरांना वर्गात गार पाणी भेटत न्हाई हे मला बघवत न्हाई."

"अरे, मी शिव्या देत होतो!"

"म्हाईत हाय! पण एवढ्या सज्जन माणसाला शिवी कशी द्यावी भाई? जीभच वळंना!"

आठवड्याभरात वर्गावर्गात गार पाण्याची यंत्रं बसली. पोरं पाणी प्यायची अन् मला सलाम करायची.

अन् मग स्नेहसंमेलन. मुदीर साहेबांनी मला स्टेजवर बोलावलं, खांद्यावर जरीकाठी झगा घातला अन् जाहीर केलं की बिराजदार आजपासून उपमुदीर! नवा करार तयार आहे, उद्या सही! मांडव दणाणला. मी हसत हात जोडले. डोळ्यापुढं धाकटी, अन् तिचा तो टँकरवाला.

सकाळी कचेरीत गेलो अन् सगळं ओकलो. कॅसेट, टँकर, लातूरची जागा. "साहेब, पाया पडतो, मला कामावरून काढा!"

मुदीर साहेबांनी चष्मा काढला. "घरी जायचं आहे? मग सांगायचं ना! तुमचा करार याच महिन्यात संपतो आहे. मुदत पुरी करून जाणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळते. म्हणून तर नव्या कराराची घाई केली, तुम्ही जाऊ नये म्हणून."

करार अरबीत होता, मी कधी वाचलाच नव्हता. मी खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे पडलोच. "अन् तुम्ही मला हाकललं असतं तर?"

"गैरवर्तनासाठी? मग एक छदामही नाही."

म्हणजे बघा! दोन महिने मी जीव तोडून स्वतःचाच बोअर बुजवत होतो. अन् शेखचा कायदा अर्धाच होता. अर्धा त्यालाच ठाऊक नव्हता.

तर पैसे मिळाले. जूनच्या आत लातूरला पोचलो. धाकटी घाबरून आईच्या मागं लपली, पण चार दिवसांत बाबा म्हणली. नव्या शाळेत रुजू झालो, बोअरही घेतला, पाणीही लागलं. सगळं गोड झालं.

पण त्या दिवशी कचेरीतून निघताना माझ्याच्यानं राहवलं नाही. दारातून वळून विचारलं, "साहेब, मी मुद्दाम उशिरा आलो, वर्गात शिकवत नव्हतो, तुम्हाला भर बैठकीत बोललो. तुम्हाला कळलंच नाही का?"

"कळलं की," मुदीर साहेब म्हणले. "शिवी कोणत्याही भाषेत कळते."

"मग काढलं काहून नाही?"

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्याला लावला अन् अगदी मायेनं म्हणले, "कसं काढणार? इतकी वर्षं तुम्ही मन लावून शिकवत होता, तेव्हा मुलांना काही येत नव्हतं."