चुलीवरचा समुद्र

महाडच्या स्टँडवर उतरताच परीक्षकसाहेबांनी प्रथम चहाचं परीक्षण केलं आणि तो नापास केला. मुंबईच्या चित्रप्रदर्शनात कोणती चित्रं घ्यायची, हे ठरवणारे हे गृहस्थ. महाबळेश्वरला हवापालटासाठी निघाले होते. आंबेनळीचा घाट लागण्याआधी माझ्या मामीच्या वाडीवर माझं चित्र पाहायला ते कबूल झाले, कारण तिथे जेवण फुकट होतं. चित्र निवडलं गेलं तर मी चित्रकार, नाहीतर सोमवारपासून कचेरीत कारकून, असं वडिलांनी मला बजावलं होतं.

पोलादपूरच्या पुढे गाडी सोडून चढ चढताना साहेबांच्या बुटाचा तळ निघाला. तो त्यांनी सुंभाने बांधला आणि या मुलखाला सौंदर्यदृष्टी नाही, असा निकाल दिला. मामीच्या नाचणीच्या भाकरीवर आणि कुळथाच्या पिठीवर (पातळ पिठल्यावर) मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. दोनदा मागून घेतली.

मग मामीने माळ्यावरून माझं तैलचित्र उतरवलं. पावसाळ्याआधी मीच ते तिच्या हवाली केलं होतं. मुरुडच्या किनाऱ्यावरची भर दुपार, निळं पाणी, डावीकडे एकच होडी. आता त्यावर सगळा काळोख होता.

साहेब मात्र उठून उभे राहिले. "काय ही सूर्यास्तानंतरची उदासी! आणि कडेला सारलेली एकाकी होडी. साऱ्या रचनेचा तोल त्या एकटेपणावर आहे. हे चित्र घेतलं."

"उदास कशाचं?" मामी म्हणाली. "बियाण्यासंगती चुलीवर ठेवलेलं. धुरात बुरशी नाय लागत."

आमच्याकडे भोपळ्याच्या, काकडीच्या बिया पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावर अशाच धुरात राखतात. मामीने माझ्या समुद्राचीही तीच काळजी घेतली होती. तिने ओल्या फडक्याने एक कोपरा पुसला, तसं निळं पाणी दिसलं.

साहेबांनी नाक मुरडलं. "थांबा. भडक करू नका. धूर का असेना, भाव अस्सल आहे. असंच पाठवा."

मला मनस्वी राग आला. होडी मी डावीकडे काढली होती ती उरलेल्या जागेत ऊन मावावं म्हणून. मामीच्या हातातला फडका घेऊन मी होडी पुसली, मग पाणी, मग आभाळ. साहेब ताक न घेताच उतरणीला लागले.

"पाव्हणे रागावले काय रे?" मामीने विचारलं. मी होय म्हणून फडका पिळून ठेवला.

परतीच्या गाडीत चित्र मांडीवर होतं. शेजारचा शेतकरी बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लय ऊन हाय हो."

माझ्या दुपारची एवढीच समीक्षा झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सोमवारी मी कचेरीत रुजू झालो.