बोका बदकाला शिवला

दादाराव मेश्राम यांचा स्वतःवर जितका विश्वास होता, तितका जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरात कुणाचाही कशावरच नव्हता. मोटारींच्या दारांसाठी बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. बिजागरी हातात घ्यायची, कानाजवळ नेऊन हलवायची आणि डोळे मिटून म्हणायचं, "हिच्या मनात काहीतरी आहे." मग ती बिजागरी 'श्पेरलागर'मध्ये जायची. श्पेरलागर म्हणजे संशयित मालाची जाळीबंद कोठडी. तपासणीचा निकाल लागेपर्यंत तिथला माल गाडीला लावायचा नाही आणि भंगारातही टाकायचा नाही. "संशयित म्हणजे गुन्हेगार नव्हे," दादाराव सांगत. "पण मोकळाही नव्हे. गेनाऊ? बरोबर ना?"

घरी बायको अरुणा, नववीतली मुलगी मैत्री आणि फौजदार. फौजदार म्हणजे तांबूस रंगाचा, जाड मानेचा बोका. मैत्रीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, त्यामुळे तो तिच्या उशीवर झोपे आणि बाकीच्यांना भाडेकरू समजे. मैत्रीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. सगळं म्हणजे, एक शब्द सोडून.

तो शब्द दादारावांनी घरातून हद्दपार केला होता. त्यांच्या आजीला भंडाऱ्याकडच्या गावात विहिरीवर आयुष्यभर "शिवू नको" ऐकावं लागलं होतं. म्हणून मेश्रामांच्या घरात कुणी कुणाला शिवत नसे. हात लावत, धरत, कुरवाळत, गुद्देही मारत, पण शिवत नसत. मुलांच्या खेळालासुद्धा या घरात पकडापकडीच म्हणत. शिवायचे ते फक्त अरुणाने, मशीनवर, पडदे; मैत्रीला शिवणं ठाऊक होतं ते एवढंच.

दोन हजार सहाचा मार्च होता. बर्ड फ्लूमुळे सगळा जर्मनी आकाशाकडे चोराकडे बघावं तसा बघत होता. उत्तरेकडे एका बेटावर मेलेल्या मांजरात तो रोग सापडल्यापासून मांजरवाल्यांची झोप उडाली होती. त्यांच्या भागातही मांजरं घरात ठेवा, असा हुकूम निघाला. फौजदाराने तो वाचला नाही. अरुणा कचरा टाकायला बाहेर पडली आणि तो तिच्या पायांमधून निसटला.

दादाराव मागे धावले. घरामागच्या ओढ्याकाठी एक बदक मरून पडलं होतं, आणि फौजदार त्याच्यावर पंजा ठेवून, नाक खुपसून चौकशी करत होता.

घाबरलेला माणूस आजीच्या भाषेत ओरडतो. दादाराव ओरडले, "शिवला! अगं, बोका बदकाले शिवला! मैत्री, आम्टाला फोन लाव!"

आम्ट म्हणजे सरकारी कचेरी. इथे जनावरांच्या डॉक्टरांची. घरात सर्वांत चांगलं जर्मन मैत्रीचं, म्हणून तिनेच नंबर फिरवला. पलीकडे फ्राऊ लिंडमायर नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. मैत्रीने रडवेल्या आवाजात, शुद्ध जर्मनमध्ये निवेदन केलं, "आमच्या बोक्याने एक मेलेलं बदक शिवलंय."

पलीकडून प्रश्न आला. मैत्रीने तो बापाकडे वळवला, "पापा, वोमिट? कशाने?"

"नाकाने!" दादाराव बोक्याला जुन्या टॉवेलात गुंडाळत म्हणाले. "आणि पुढच्या उजव्या पंजाने!"

मैत्रीने तेही कळवलं. फ्राऊ लिंडमायर यांनी अत्यंत सौम्य आवाजात विचारलं, घरात कुणी मोठं माणूस आहे का.

अरुणाने बोका घेतला, दादारावांनी फोन. त्यांचं जर्मन बिजागऱ्यांपुरतं पक्कं होतं. "काँटाक्ट!" ते गरजले. "एक संशयित भाग, दुसऱ्या भागाला लागला! दुसरा भाग जिवंत आहे, तांबूस आहे!"

बाईंना लख्ख समजलं. त्यांनी सूचना दिल्या: बदकाला हात लावू नका, आमचे लोक नेतील आणि तपासतील. बोका वेगळ्या खोलीत ठेवा. एकानेच हातमोजे घालून त्याचं बघा, भांडी वेगळी, हात साबणाने धुवा. तो मलूल झाला, जेवण सोडलं, धाप लागली तर दवाखान्यात घेऊन येऊ नका, आधी फोन करा. तुमच्यापैकी कुणाला ताप आला, तर डॉक्टरला हे सगळं सांगा.

"आणि बदकात रोग निघाला तर?" दादारावांनी विचारलं.

"मग बोक्याचंही तपासावं लागेल. पुढचं आत्ताच सांगता येत नाही."



घरात वेगळी खोली एकच, न्हाणीघर. फौजदार तिथे गादीसकट दाखल झाला. दादाराव कारखान्यात अंघोळ करू लागले, मायलेकी शेजारणीकडे. कुंपणापलीकडचे कोंबडीवाले हेर, म्हणजे श्रीयुत, ष्टाडलर म्हणाले, "मेश्राम, एक इंजेक्शन दे आणि मोकळा हो. मांजरच आहे. जोखीम कशाला?"

"हेर ष्टाडलर," दादाराव म्हणाले, "मी वीस वर्षांत निकालाआधी एक बिजागरी भंगारात टाकली नाही. ती तर दूधही पीत नाही."

त्या संध्याकाळी मैत्री न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून बसली. आतून फौजदार दार खरवडत होता. अरुणा हळूच म्हणाली, "अहो, मग आता तुम्हीच म्हणणार ना पोरीला, शिवू नको?"

मैत्रीने वर पाहून शिवूचा अर्थ विचारला. "वास इस्ट शिवू?"

दादारावांनी तिला आजीची विहीर सांगितली, पहिल्यांदाच. मग दाराकडे बोट दाखवून तिने विचारलं, आणि चक्क मराठीत, "मग हे सेम नाही?"

"नाही," दादाराव म्हणाले. "आजीचा नमुना कुणी तपासायला नेला नव्हता, आणि निकाल कधी लागणार तेही सांगितलं नव्हतं. शिवाय तिच्याशी गप्पा मारायला कुणी हातमोजे घालून बसत नव्हतं." एवढं बोलून त्यांनी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि स्टूल घेऊन ते आत गेले. फौजदाराला त्यांनी कारखान्यातलं राजकारण इतकं सविस्तर सांगितलं की मैत्रीला दाराबाहेर हसू फुटलं.

पुढे रोज तेच चाललं. दादाराव सांगत, "खातोय. शिव्या देतोय. चांगलं लक्षण आहे." पण फोन वाजला की ते उभे राहत, आणि दुसऱ्या कुणाचा निघाला की पुन्हा बसत.

अखेर फ्राऊ लिंडमायर यांचा फोन आला. दादाराव ऐकत, जर्मनमध्ये हो-हो म्हणत राहिले. "या. या. आल्झो..." मग त्यांनी फोन ठेवून जाहीर केलं, "बदक निर्दोष! त्याला तो रोग नव्हता!"

मैत्री दाराकडे धावली. "थांब," दादाराव म्हणाले, "सोडायचा अधिकार तपासनीसाचा." त्यांनी दार उघडलं आणि हातमोजे न घालता फौजदाराला दोन्ही हातांनी छातीशी उचललं. फौजदाराने त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक लांब, सरळ ओरखडा काढला आणि उडी मारून मैत्रीचा खांदा गाठला.

अरुणा आयोडिन घेऊन धावली. दादारावांनी रक्ताळलेला हात दिव्याखाली धरला आणि समाधानाने मान हलवली.

"ताकद बघ," ते म्हणाले. "एकदम पास."